टायट्रेशनमध्ये रंग उडतो, एंड पॉइंट सापडत नाही, उत्तर चुकतं: तपासणी कुठून सुरू करायची

“नाना, रंग येस आन् उडी जास.”

अकरावीची पहिली बॅच टेबलाशी उभी राहिली की अर्ध्या तासात हे वाक्य कानावर येतंच. मी जळगाव जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये प्रयोगशाळा सहायक आहे. सोल्युशनं बनवणं, इंडिकेटरच्या (रंग बदलून शेवट दाखवणाऱ्या द्रवाच्या) बाटल्या भरणं, ब्युरेटच्या (मापाच्या खुणांच्या उभ्या काचनळीच्या) चिकटलेल्या तोट्या सोडवणं हे माझं काम. टायट्रेशन, म्हणजे ब्युरेटमधून थेंब थेंब सोडून नमुन्यात आम्ल किंवा अल्कली किती ते मोजणं, बिघडलं की मुलं आधी माझ्याकडे येतात, सरांकडे नंतर. बाहेरचेही येतात. सरकीच्या तेलाच्या गिरणीतला मुलगा, फिनाईल करणारे, लोणच्याचा बचत गट. दोष मात्र फिरून फिरून तेच, म्हणून एकदा सलग लिहून काढतोय.

आधी लक्षण ओळखा

“रीडिंग चुकतंय” एवढ्यावर काही कळत नाही. कसं चुकतंय ते सांगा.

रंग एका थेंबात न पलटता तीन-चार मिलीभर रेंगाळत बदलतो आणि तिघांची तीन रीडिंग येतात, तर इंडिकेटर चुकीचा आहे किंवा सोल्युशन फार पातळ आहे. तिन्ही रीडिंग अगदी जुळतात पण उत्तर चुकतं, तर इंडिकेटरकडे बघूच नका. पाणी, कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड) किंवा लेबल यांतलं काहीतरी दोषी आहे. रंग येतो आणि उडतो, तर ढवळणं आणि हवा बघा. रंग येतच नाही आणि फ्लास्कमध्ये दुधट दिसतं, तर इंडिकेटरचे थेंब जास्त पडलेत. एकाच नमुन्याला दोन इंडिकेटर दोन उत्तरं देतात, तर कार्बोनेट आहे असं जवळजवळ धरून चाला.

यातलं दुसरं लक्षण सगळ्यात फसवं. ०.१ मिलीच्या आत तीन रीडिंग जुळली की मुलं खूश होऊन वही पुढे करतात. पण जुळणं म्हणजे तुम्ही तीनदा तेच केलंत, एवढंच. चूक तीच असेल तर तीही तीनदा जुळते.

फुकटातल्या तपासण्या

पहिली, इंडिकेटरचे थेंब मोजा. २५ मिलीला दोन-तीन थेंब पुरतात. “रंग नीट दिसावा” म्हणून अर्धा ड्रॉपर मारणारे दरवर्षी भेटतात. इंडिकेटर स्वतःच दुर्बल आम्ल किंवा दुर्बल अल्कली असतो, जास्त पडला तर तोही ब्युरेटमधला माल खातो. फिनॉल्फ्थॅलीन अल्कोहोलमध्ये विरघळतं, पाण्यात जेमतेम. जास्त ओतलं की पांढरं होऊन तरंगतं. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये आणखी एक भानगड होते. ड्रॉपर बाटलीतलं अल्कोहोल उडून जातं, तोंडाशी पांढरे कण जमतात आणि आतलं सोल्युशन घट्ट होत जातं. मार्चमधले दोन थेंब आणि मेमधले दोन थेंब सारखे नसतात. बाटली लहान ठेवा, बूच घट्ट लावा.

दुसरी, फ्लास्कखाली पांढरी फरशी ठेवा. फरशी नसेल तर कोरा कागद. फिक्का गुलाबी लाकडी टेबलावर दिसत नाही, आणि मिथिल ऑरेंजचा पिवळ्यावरून नारिंगी होणारा थेंब पिवळ्या बल्बखाली कोणालाच दिसत नाही. खिडकीशी जा. शेजारी एक ‘साक्षीदार’ फ्लास्क ठेवा: तेवढंच पाणी, तेवढेच थेंब, आणि रंग जिथे थांबवायचाय तिथे थांबवलेला. त्याच्याशी ताडून बघा.

इथेच एक गोष्ट सांगून ठेवतो. एक मुलगा दोन वर्षं मिथिल ऑरेंजमध्ये मार खात होता. हुशार होता, हात स्थिर, तरी रीडिंग कुठेच्या कुठे. शेवटी त्याला लाल आणि नारिंगी फ्लास्क शेजारी ठेवून विचारलं, तर म्हणाला, “दोन्ही सारखेच ना?” त्याला तांबडा-हिरवा भेद दिसत नव्हता आणि हे त्याच्या घरीही कोणाला माहीत नव्हतं. मुलग्यांमध्ये हे मुलींपेक्षा बरंच जास्त आढळतं. अशा वेळी ओरडू नका. पिवळ्यावरून निळा होणारा ब्रोमोथायमॉल ब्लू चालत असेल तिथे तो द्या, नाहीतर पीएच मीटरवर (आम्ल-अल्कलीचा आकडा दाखवणाऱ्या यंत्रावर) बसवा.

तिसरी, फ्लास्कमध्ये काय आणि ब्युरेटमध्ये काय ते बघा. फिनॉल्फ्थॅलीन वापरायचं तर आम्ल खाली, अल्कली वर. रंगहीनातून उमटणारा पहिला गुलाबी डोळा लगेच पकडतो. उलटं केलं तर गुलाबी फिका होत होत नक्की कधी गेला यावर वाद होतात. काम झाल्यावर ब्युरेट लगेच धुवा. काचेच्या तोटीत कॉस्टिक रात्रभर राहिलं की तोटी चिकटते आणि सकाळी ती सोडवायला मलाच बोलावतात.

चौथी, रंग उडण्याची. पूर्ण फ्लास्क ढवळल्यावर फिक्का गुलाबी तीस सेकंद टिकला की एंड पॉइंट, म्हणजे थांबायची जागा, झाला. त्यानंतर मिनिट-दोन मिनिटांनी तो उडाला तर उडू द्या. हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात शिरतो आणि पीएच खाली ओढतो. त्याच्या मागे थेंब टाकत बसाल तर रीडिंग वाढतच जाईल. पण रंग पाचच सेकंदांत उडत असेल तर फ्लास्कच्या भिंतीवर उडालेलं आम्ल खाली आलेलं नाही. वॉश बॉटलने कडा धुवा, पुन्हा बघा.

कागद-पेन्सिलची तपासणी: इंडिकेटर तुमच्या जोडीला शोभतो का

हिला पैसे लागत नाहीत, डोकं लागतं. म्हणून सगळे हीच टाळतात आणि कपाटात समोर दिसेल ती बाटली उचलतात.

टायट्रेशन संपतं तेव्हा फ्लास्कमध्ये मीठ (आम्ल आणि अल्कली मिळून झालेला क्षार) आणि पाणी उरतं. त्या मिठाच्या पाण्याचा पीएच किती, हा खरा प्रश्न. शेतकऱ्याच्या माती परीक्षणाच्या कागदावर ‘सामू’ लिहितात तोच हा. तो दर वेळी ७ नसतो. इंडिकेटर त्या आकड्याच्या आसपास रंग बदलणारा हवा, आणि जिथे पीएच उडी मारतो त्या उडीच्या आत त्याचा रंग बदलण्याचा पट्टा बसायला हवा.

पट्टे लक्षात ठेवायचे ते असे. मिथिल ऑरेंज ३.१ ते ४.४, लाल ते पिवळा. मिथिल रेड साधारण ४.४ ते ६.२, तोही लाल ते पिवळा. ब्रोमोथायमॉल ब्लू ६.० ते ७.६, पिवळा ते निळा. फिनॉल्फ्थॅलीन ८.३ ते १०, रंगहीन ते गुलाबी. लिटमसचा पट्टा फार रुंद आहे, तो पट्टी बुडवून बघायला ठीक, टायट्रेशनला नको. घरची हळद पापडखारात लाल होते, गंमत म्हणून दाखवायला छान. पण तिचा रंग थेंबावर थांबत नाही.

आता जोड्या. हायड्रोक्लोरिक आणि कॉस्टिक, दोन्ही ०.१ मोलर (मोलर म्हणजे सोल्युशनच्या तीव्रतेचं माप), २५ मिलीला २५ मिली. शेवटच्या एका थेंबाआधी पीएच ४ च्या आसपास, एका थेंबानंतर १० च्या आसपास. एवढ्या मोठ्या उडीत मिथिल रेडही बसतं, फिनॉल्फ्थॅलीनही बसतं, मिथिल ऑरेंजही जेमतेम निभावून नेतं. म्हणूनच मुलांचा समज होतो की कुठलंही चालतं. तीच जोडी ०.०१ मोलर केली की उडी ५ ते ९ एवढी आखडते आणि मिथिल ऑरेंज बाहेर पडतं. सोल्युशन पातळ कराल तसा इंडिकेटरही नेमका निवडावा लागतो, हे पुस्तकात एका ओळीत असतं आणि टेबलावर निम्म्या चुका तिथेच होतात.

दुर्बल आम्ल आणि कॉस्टिक, म्हणजे व्हिनेगरची गोष्ट. ही जरा सविस्तर सांगतो.

यावल बाजूच्या एका बचत गटाच्या ताई लोणच्यासाठी आणलेलं व्हिनेगर घेऊन आल्या होत्या. बाटलीवर ॲसेटिक आम्ल ४ टक्के लिहिलेलं. त्यांच्या गटातल्या एका मुलीने कॉलेजात टायट्रेशन केलं तर १.२ टक्के निघालं. दुकानदाराशी भांडण झालेलं, पैसे अडवलेले. मुलीची वही बघितली. रीती बरोबर, गणित बरोबर. व्हिनेगर दहापट पातळ केलेलं, त्यातलं २५ मिली फ्लास्कमध्ये, ब्युरेटमध्ये ०.१ नॉर्मल (इथे ०.१ मोलर म्हणजेच) कॉस्टिक. रीडिंग ४.२, ५.१, ५.९. इंडिकेटरच्या रकान्यात मिथिल ऑरेंज.

तिथेच सापडलं. पातळ केलेल्या त्या व्हिनेगरचा पीएच सुरुवातीलाच ३ च्या जवळ असतो. म्हणजे पहिल्या थेंबापासूनच मिथिल ऑरेंज पट्ट्यात उभं आहे, लाल सोडून नारिंगीकडे निघालेलं. पीएच ४.४ ला ते पूर्ण पिवळं होतं, आणि ॲसेटिकचा पीकेए (आम्ल निम्मं संपतं तेव्हाचा पीएच) ४.७६ असल्याने तोवर आम्ल फक्त ३० टक्के संपलेलं असतं. चारचे तीस टक्के म्हणजे १.२. मुलीने आम्ल मोजलंच नव्हतं, इंडिकेटरची सवय मोजली होती. शिवाय रंग रेंगाळत बदलत असल्याने तिची तीन रीडिंगही तीन दिशांना.

त्याच पातळ व्हिनेगरात फिनॉल्फ्थॅलीन टाकून केलं. १६.७ मिलीला गुलाबी, पुढच्या दोन्ही वेळी १६.७ आणि १६.६. एका थेंबात पलटी. ॲसेटिक आणि कॉस्टिकचा शेवट ८.७ च्या आसपास होतो, तो फिनॉल्फ्थॅलीनच्या पट्ट्यात येतो. उत्तर चार टक्के. दुकानदाराची बिचाऱ्याची काही चूक नव्हती.

ऑक्झॅलिक आम्ल आणि कॉस्टिकलाही याच कारणाने फिनॉल्फ्थॅलीन.

अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक हे उलटं. शेवट ५.३ च्या आसपास, म्हणून मिथिल रेड. इथे फिनॉल्फ्थॅलीन लावलं तर सुमारे ९० टक्के अमोनिया संपल्यावरच गुलाबी उडतो, तोही हळूहळू. आणि खानदेशातल्या उन्हाळ्यात अमोनिया उघड्या फ्लास्कमधून तुमच्या डोळ्यांदेखत नाकात जातो. पिपेटने (मापाच्या नळीने) नमुना घेतला की वेळ घालवू नका.

दुर्बल आम्ल आणि दुर्बल अल्कली एकमेकांसमोर असतील, जसं ॲसेटिक आणि अमोनिया, तर उडीच नसते. तिथे कुठलाच इंडिकेटर चालत नाही. बाटल्या बदलत बसू नका, कंडक्टिव्हिटी मीटर घ्या.

थोडा खर्च, थोडा वेळ: बाटली, पाणी, कॉस्टिक

बाटलीवरचं लेबल खरं आहे का? मिथिल ऑरेंज आणि मिथिल रेडच्या बाटल्या एकमेकींच्या जागी गेलेल्या मी दोनदा पकडल्यात. दोन्ही आम्लात लाल, सोड्यात पिवळ्या, त्यामुळे तशा ओळखू येत नाहीत. सारख्या मोलरचं ॲसेटिक आम्ल आणि सोडियम ॲसेटेट समसमान मिसळा, पीएच ४.७ च्या जवळ येतो. त्यात मिथिल ऑरेंज पिवळं दिसतं, मिथिल रेड लालसर. दोन मिनिटांचं काम.

पाणी. आमच्याकडे बोअरचं पाणी नळाच्या तोंडाशी पांढरा थर धरतं, त्याच पाण्याने कोणी वॉश बॉटल भरली की खेळ खलास. डिस्टिलेशन प्लांटची कॉइल गेली की हे होतंच, आणि कोणी सांगत नाही. तपासणी अशी: १०० मिली पाणी, दोन थेंब मिथिल ऑरेंज, वरून ०.१ नॉर्मल आम्ल. डिस्टिल्ड वॉटर असेल तर दोन-तीन थेंबांत नारिंगी होतं. ज्या पाण्याची क्षारता ३०० मिलिग्रॅम प्रति लिटर आहे ते ६ मिली आम्ल पिऊन टाकतं. म्हणजे तसलं १० मिली पाणी फ्लास्कमध्ये राहिलं तरी रीडिंग ०.६ मिलीने सरकलं, आणि दर वेळी तेवढंच सरकलं तर तिन्ही रीडिंग जुळतील!

गंमत म्हणजे फिनॉल्फ्थॅलीनने हा दोष बऱ्याचदा लपतो, कारण पाण्यातलं बायकार्बोनेट त्याला दिसत नाही, तिथे शेवट बायकार्बोनेटवरच होतो. ऑक्झॅलिक आम्लात मात्र नळाचं पाणी पडलं की कॅल्शियममुळे फ्लास्क हळूहळू धुरकट होतो. ते दिसलं तर पुढे जाऊच नका.

कॉस्टिक. पेलेट्सची बाटली उघडी राहिली, सोल्युशन महिनाभर शेल्फवर राहिलं की ते हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढतं आणि त्यातलं थोडं सोडियम कार्बोनेट होतं. कार्बोनेट फिनॉल्फ्थॅलीनला अर्धंच दिसतं, मिथिल ऑरेंजला पूर्ण. म्हणून दोन इंडिकेटर, दोन उत्तरं. पकडायची रीत सोपी आहे. २५ मिली कॉस्टिक फ्लास्कमध्ये घ्या, फिनॉल्फ्थॅलीन टाका, ब्युरेटमधून आम्ल सोडा. गुलाबी गेला की रीडिंग लिहा. त्याच फ्लास्कमध्ये मिथिल ऑरेंज टाकून पुढे चला. ताजं कॉस्टिक असेल तर एक-दोन थेंबांत रंग बदलतो. समजा गुलाबी २३.८ ला गेला आणि नारिंगी २५.० ला आला, तर मधल्या १.२ ची दुप्पट, म्हणजे २.४ मिली आम्ल नुसत्या कार्बोनेटने खाल्लं.

उपाय दोन. एक, पाण्याइतक्याच वजनाच्या पेलेट्स घेऊन घट्ट सोल्युशन प्लास्टिकच्या बाटलीत करा. त्यात कार्बोनेट विरघळत नाही, तळाशी बसतं. वरचं निवळ घेऊन उकळून गार केलेल्या पाण्यात पातळ करा. हे करताना चष्मा घाला, बाटली हाताला चटका देईल इतकी तापते. दुसरा उपाय सवयीचा: ज्या इंडिकेटरने कॉस्टिक स्टँडर्डाइझ केलं (त्याची नेमकी तीव्रता काढली) त्याच इंडिकेटरने नमुना करा. मग थोडी चूक असली तरी दोन्हीकडे सारखी पडते.

उन्हाचं मुलं नेहमी विचारतात. ब्युरेटवर २७ किंवा २० अंश छापलेलं असतं आणि भुसावळात मेमध्ये पारा ४५ ला टेकतो. २७ वरून ४२ अंशांवर पाणी अर्धा टक्का फुगतं, २५ मिलीत ०.१२ मिलीच्या आसपास. दोन्ही सोल्युशनं एकाच खोलीत तापली असतील तर हे बहुतेक कटतं. वजन करून घेतलेल्या नमुन्याला कटत नाही.

अवघड नमुने

सरकीचं कच्चं तेल काळपट तांबडं असतं. त्याचा ॲसिड व्हॅल्यू (तेलातल्या मोकळ्या आम्लाचं माप) काढायला गिरणीतला मुलगा फिनॉल्फ्थॅलीन टाकतो आणि त्या रंगात गुलाबी शोधत बसतो. सापडणार कसा? अशा गडद तेलाला अल्कली ब्लू ६बी किंवा निळा होणारा थायमॉल्फ्थॅलीन घ्या, नमुना कमी घ्या, अल्कोहोल जास्त घ्या. ते अल्कोहोल आधी त्याच इंडिकेटरवर न्यूट्रल करून घ्यायला विसरू नका, नाहीतर त्याचं आम्ल तेलाच्या नावावर जाईल. तेलात रंग थोड्या वेळाने उडतोच, अल्कली तेलाचा साबण करायला लागते. पहिला टिकलेला रंग धरा.

जांभूळ, कोकम यांचे रस स्वतःच इंडिकेटर आहेत. त्यात दुसरा टाकून दोघांचं भांडण बघण्यात अर्थ नाही.

अशा ठिकाणी पीएच मीटर. बफर (पीएच ठरलेली सोल्युशनं) ४, ७ आणि ९.२ वर लावून घ्या, अर्धा-अर्धा मिली टाकत पीएच लिहा, उडीजवळ ०.१ मिलीवर या, ग्राफ काढा. उभी रेघ जिथे, तिथे शेवट. आम्ल कुठलं तेच माहीत नसेल तर निम्म्या रीडिंगवरचा पीएच बघा, तो त्याचा पीकेए. मग योग्य इंडिकेटर त्याच ग्राफवरून निवडता येतो, पुढच्या शंभर नमुन्यांना मीटर लागत नाही.

इथे थांबा

ताजे बफर घेऊनही मीटर ७ आणि ४ दोन्हीवर बसत नसेल तर इलेक्ट्रोड गेलाय किंवा मीटर. इलेक्ट्रोड एकदा रात्रभर ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवून बघा, त्यापुढे स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नका, सर्व्हिस इंजिनिअरला बोलवा.

उन्हात राहिलेली तीव्र अमोनियाची बाटली मुलांनी उघडायची नाही. आत दाब असतो. ती गार करून जाणत्याने हूडमध्येच (वाफ ओढून घेणाऱ्या कपाटात) उघडायची.

कॉस्टिक डोळ्यात गेलं तर टायट्रेशन गेलं खड्ड्यात. नळाखाली डोळा उघडा धरून किमान पंधरा मिनिटं पाणी सोडा आणि थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे. “जळजळ थांबली, आता बरं वाटतंय” हे ऐकू नका. कॉस्टिक आत मुरत जातं.

आणि आकड्यावर पैसा, परवाना किंवा कोर्टकचेरी अवलंबून असेल तर नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवा. व्हिनेगरच्या त्या ताईंनी चार टक्के ऐकलं आणि पर्समधून कोरा कागद काढला, “नाना, एवढ्यावर कॉलेजचा सही-शिक्का द्या, दुकानदाराला आन् ऑफिसला दाखवते.” मी नाही म्हणालो. जरा नाराज झाल्या. मग बाटली पुन्हा पिशवीत घालताना मुलीला म्हणाल्या, “दुकानदाराचे पैसे मात्र आजच देऊन टाकू, वं.”